डबा फिरवणारी मुले आणि ज्याच्यासाठी डबा फिरतो ते मूल

शाळेतली मुले एखाद्या गंभीर आजारी मुलासाठी पैसे उभे करायला निघाली, की त्यांना नको म्हणण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नाही. आणि नको म्हणता येत नाही, म्हणूनच त्या कामाकडे कोणी निरखून पाहतही नाही. कोणी हाताने रंगवलेली शुभेच्छापत्रे विकते, कोणी जुन्या पुस्तकांचे प्रदर्शन भरवते, कोणी मैदानाला फेऱ्या मारून प्रत्येक फेरीमागे ओळखीच्यांकडून ठरावीक रक्कम कबूल करून घेते, कोणी नाटुकले बसवते, तर कोणी डोक्यावरचे केस उतरवून त्याबद्दल देणगी मागते. शेवटी एक आकडा जाहीर होतो, टाळ्या पडतात, पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या धनादेशासह छायाचित्र निघते आणि प्रकल्प संपतो. माझे म्हणणे असे की या प्रकल्पांचे मोल त्या आकड्यात नसते. आजारी मुलाला जाहिरातीचा माल न करता पैसे मागितले गेले का, आणि जमलेल्या रकमेचा हिशेब मुलांच्या स्वतःच्या हातून शेवटपर्यंत पार पडला का, या दोन प्रश्नांवर ते ठरते. या दोन अटी पाळल्या जात असतील, तर असे प्रकल्प शाळांनी हट्टाने चालू ठेवावेत. पाळल्या जात नसतील, तर रक्कम कितीही मोठी असो, शाळेने त्यातून मुलांना चुकीचेच काही शिकवले असे म्हणावे लागेल.

याहून मूलगामी असा एक आक्षेप आहे आणि तो आधी विचारात घेतला पाहिजे. आजारी मुलाचे उपचार दुसऱ्या मुलांनी रंगवलेल्या कागदांवर अवलंबून असावेत, ही मुळातच समाजाची नामुष्की आहे, आणि शाळेने त्या नामुष्कीला उपक्रमाचे गोंडस रूप देऊ नये, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांचे म्हणणे पोकळ नाही. जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी स्वतंत्र मोहीम सुरू केली आणि २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुले तरी वाचावीत असे उद्दिष्ट ठेवले. ही दरी औषधशास्त्राच्या अज्ञानामुळे पडलेली नाही. निदान उशिरा होते किंवा चुकते, औषधे वेळेवर मिळत नाहीत, उपचार परवडत नाहीत, आणि सुरू झालेले उपचार अर्ध्यावर सोडून कुटुंबे घरी परततात, ही तिची कारणे आहेत. यांतले एकही कारण शुभेच्छापत्रांच्या विक्रीने दूर होणारे नाही. ती कामे सरकारांची, रुग्णालयांची आणि विमा व्यवस्थेची आहेत.

तरीही या आक्षेपाचा शेवट ‘म्हणून मुलांनी काही करू नये’ असा होतो तेव्हा मी त्याच्यापासून वेगळा होतो. लोकांनी, आणि त्यांत मुलांनीही, चिल्लर गोळा करणे हे सार्वजनिक व्यवस्थेला पर्याय ठरण्याऐवजी कधीकधी तिच्या उभारणीची सुरुवात ठरलेले आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत पोलिओच्या संशोधनासाठी आणि रुग्णांच्या देखभालीसाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्यामागे उभे असलेले अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः या आजाराने अधू झाल्याचे मानले जात होते. एडी कँटर या विनोदी कलावंताने रेडिओवरून आवाहन केले की प्रत्येकाने दहा सेंटचे एक नाणे थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवावे. नाण्यांनी भरलेल्या टपालाच्या थैल्या तिथे येऊन पडू लागल्या आणि सुमारे २६ लाख ८० हजार नाणी जमली. पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या या संकलनातून जोनास साल्क यांच्या लशीचे संशोधन उभे राहिले. १९५४ मध्ये त्या लशीच्या चाचणीत सुमारे १८ लाख शाळकरी मुले सहभागी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी ती लस सुरक्षित व परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. थेंबे थेंबे तळे साचते हे आपण मुलांना पाठ करायला लावतो, पण साचलेले तळे कोणाच्या मालकीचे, हा त्यातला महत्त्वाचा प्रश्न विचारायला विसरतो. इथे ते सर्वांचे होते. ज्याच्या घरातून नाणे आले त्याच्या मुलालाही लस मिळाली आणि ज्याच्या घरातून आले नाही त्याच्याही.

म्हणून पहिली निवड शाळेने इथेच करावी असे मला वाटते. एका विशिष्ट मुलाच्या उपचारासाठी पैसे जमवायचे, की त्या आजाराच्या सर्व मुलांना उपयोगी पडेल अशा निधीसाठी? मन पहिल्याकडे ओढ घेते, आणि ती ओढ किती जबरदस्त असते हे अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते. एखाद्या सहा वर्षांच्या मुलीचे आयुष्य शस्त्रक्रियेने काही दिवस वाढणार आहे एवढे कळले, तर पोस्टात पैशांचा पूर लोटेल. पण कर वाढवला नाही तर रुग्णालयांची अवस्था बिघडेल आणि टाळता येण्याजोगे मृत्यू थोडे वाढतील असे सांगितले, तर फारसे कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. ही माणसाच्या मनाची खोड आहे. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही, पण शिक्षणाचे काम तिला खतपाणी घालणे हेही नव्हे. वर्गातल्या किंवा शाळेतल्याच एखाद्या मुलासाठी पैसे उभे करायचे असतील तर ती मैत्री आहे, आणि मैत्रीला सांख्यिकीचे उपदेश करू नयेत. मात्र अनोळखी मुलांसाठी काम करताना शाळेने एका चेहऱ्याचा आधार न घेता एका प्रश्नाचा आधार घ्यावा. रुग्णालयातल्या बालविभागाचा निधी, उपचारासाठी दुरून आलेल्या कुटुंबांची राहण्याची सोय, रक्तघटकांची गरज, संशोधन, यांतले काहीतरी निवडावे.

इथे चेहऱ्याचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे रेंगाळायला हवे, कारण या सगळ्या उपक्रमांतली सर्वांत मोठी चूक तिथे होते आणि ती चूक करणारे सगळे सज्जन असतात.

२२ मे १९४८ रोजी अमेरिकेत एका लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमातून बॉस्टनच्या रुग्णालयात खाटेवर असलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाशी थेट संवाद साधला गेला. मुलांच्या कर्करोगावर औषधांनी उपचार करण्याची वाट ज्यांनी पहिल्यांदा मोकळी केली, त्या डॉ. सिडनी फार्बर यांचा तो रुग्ण होता. त्याला बेसबॉलचे वेड होते. त्याच्या आवडत्या संघाचे खेळाडू अचानक त्याच्या खोलीत येऊन उभे राहिले, सगळ्यांनी मिळून गाणे म्हटले, आणि त्याला सामने पाहता यावेत म्हणून दूरचित्रवाणी संच मिळावा, यासाठी लोकांना पैसे पाठवण्याचे आवाहन झाले. कार्यक्रमात त्याला ‘जिमी’ म्हटले गेले. ते त्याचे नाव नव्हते. त्याचे आडनाव सांगितले गेले नाही, आणि कार्यक्रम रेडिओवरचा असल्याने ऐकणाऱ्यांना त्याचा चेहराही दिसला नाही. देशातल्या हजारो आजारी मुलांपैकी तो एक आहे, एवढेच सूत्रसंचालकाने सांगितले. तरीही त्या वर्षी दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि ‘जिमी फंड’ या नावाने सुरू झालेला तो निधी आजही बालकर्करोगासाठी चालू आहे. चेहरा दाखवल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत, असे जे ठामपणे सांगितले जाते, त्याला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. (नाव लपवण्यामागचे एक कारण असेही होते की आपल्याला कर्करोग आहे हे त्या मुलालाच ठाऊक नव्हते. ते आजच्या विचारांत बसणारे नाही. मुलाला त्याच्या वयाला पेलेल अशा भाषेत खरे सांगावे, असेच आज डॉक्टर मानतात. पण चुकीच्या कारणाने का होईना, त्या मुलाचे खासगीपण राखले गेले.)

याच्या उलट टोकाचे उदाहरणही त्याच देशातले आहे. स्नायूंच्या दुर्धर आजारांसाठी १९६६ पासून पुढे अनेक दशके दरवर्षी तासन्‌तास चालणारा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम होत असे. विनोदी अभिनेते जेरी लुईस तो सादर करीत आणि त्यातून प्रचंड निधी उभा राही. त्या मोहिमेच्या भित्तिपत्रकांवर व्हीलचेअरमधली गोजिरवाणी मुले असत. १९९० च्या दशकात त्यांच्यातलीच काही मुले, आता मोठी झालेली, या कार्यक्रमाच्या विरोधात रस्त्यावर उतरली. आमच्या उपचारांना पैसे लागतात हे त्यांना मान्यच होते. त्यांचे दुखणे असे होते की आम्ही म्हणजे केवळ कीव करण्याचा विषय, असे चित्र घराघरांत पोचल्यावर आम्हाला नोकरीवर कोण घेईल, बरोबरीचा सहकारी म्हणून कोण वागवेल? मराठीत ‘मिंधे होणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. उपकार करणाऱ्यापुढे मान वर करता न येण्याची ती अवस्था असते. मुलाच्या आजाराचे भित्तिपत्रक करणे म्हणजे, ज्या वयात मिंधेपणा या शब्दाचा अर्थही कळत नाही, त्या वयात त्याला अख्ख्या गावाचे मिंधे करून ठेवणे होय.

आज ही गोष्ट अधिक गंभीर झाली आहे, कारण भिंतीवरचे पत्रक पावसात गळून पडत असे, पण फोनवरून फिरलेले छायाचित्र तसे गळून पडत नाही. केस गेलेल्या, नाकात नळी घातलेल्या आठ वर्षांच्या मुलाचे छायाचित्र, त्याच्या आजाराचे नाव आणि त्याच्या आईवडिलांची आर्थिक स्थिती, एवढा ऐवज शाळेच्या प्रकल्पातून एकदा बाहेर पडला, की ते मूल बरे होऊन अठरा वर्षांचे झाल्यावरही तो त्याच्या नावाशी चिकटलेला असतो. १९८९ च्या बालहक्क करारातल्या सोळाव्या कलमाने मुलाच्या खासगी जीवनाला संरक्षण दिले आहे आणि बाराव्या कलमाने स्वतःशी संबंधित बाबींत आपले मत मांडण्याचा हक्क दिला आहे. जगातल्या जवळजवळ सर्व देशांनी तो करार स्वीकारलेला आहे. पालकांची लेखी संमती घेतली म्हणजे भागले, असे शाळांना वाटते. पण ज्या बापाला उद्याच्या औषधाचे पैसे कुठून आणायचे हे माहीत नाही, त्याच्यासमोर संमतीपत्र ठेवून सही घेण्याला संमती म्हणणे कठीण आहे. तेव्हा सरळ नियम असावा: नाव नाही, छायाचित्र नाही, घरच्या परिस्थितीचे वर्णन नाही. अपवाद एकच, आणि तो म्हणजे आजारी मुलाने स्वतः पुढे येऊन बोलण्याची इच्छा दाखवली तर, आणि तीही त्याला केव्हाही मागे फिरता येईल अशा बोलीवर.

हा अपवाद मी नाइलाजाने ठेवत नाही, कारण या क्षेत्रातली सर्वांत तेजस्वी कामे आजारी मुलांनी आणि तरुणांनी स्वतःच केलेली आहेत. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे कापावा लागला. उपचारांच्या काळात आजूबाजूची माणसे, त्यांत लहान मुलेही, त्याने पाहिली आणि १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून तो देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावत निघाला. रोज साधारण एका मॅरेथॉनइतके अंतर, असे १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसांत पोचल्याचे कळले आणि त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी जून महिन्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो गेला. प्रत्येक नागरिकामागे एक डॉलर एवढेच त्याचे मागणे होते. आपल्या धावण्यातून कोणत्याही कंपनीने नफा कमवू नये याबद्दल तो कडक होता. त्याच्या नावाने दरवर्षी होणाऱ्या दौडीत अनेक शाळा भाग घेतात, आणि तिथे शर्यत नसते, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. अमेरिकेतल्या ॲलेक्स स्कॉट या मुलीला पहिल्या वाढदिवसाच्या आधीच कर्करोगाचे निदान झाले होते. चार वर्षांची असताना, २००० साली, तिने स्वतःच्या घरापुढे सरबताचे टेबल मांडले आणि डॉक्टरांना इतर मुलांसाठी औषध शोधता यावे म्हणून सुमारे दोन हजार डॉलर जमवले. २००४ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या कल्पनेतून दहा लाख डॉलर उभे राहिले होते. या दोघांना पाहून कोणाला कीव आली नसेल असे नाही; पण मागणारा आवाज त्यांचा स्वतःचा होता आणि मागणे इतरांसाठी होते.

‘कल्पक’ हा शब्द शाळांच्या अहवालांत फार स्वस्त झाला आहे. चमकदार पताका आणि चुरचुरीत घोषवाक्य म्हणजे कल्पकता नव्हे. युनिसेफच्या १९४९ मधल्या पहिल्या शुभेच्छापत्रामागची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका गावात युनिसेफची मदत पोचली होती. तिथल्या सात वर्षांच्या एका मुलीने आभार मानण्यासाठी चित्र काढले. कागद मिळत नव्हता, म्हणून तिने ते काचेवर रंगवले: नाचणारी आनंदी मुले. तेच चित्र पहिले शुभेच्छापत्र ठरले आणि पुढे अशा पत्रांच्या विक्रीतून जगभरातल्या मुलांसाठी निधी उभा राहत गेला. मदत घेणारीच इथे देणारी झाली. शाळांना खरी कल्पकता दाखवायची असेल तर ती याच दिशेने दाखवता येईल. रुग्णालयातल्या मुलांनी लिहिलेल्या कथा, काढलेली कोडी, रचलेली गाणी शाळेच्या प्रकल्पात घ्यावीत आणि विकल्या जाणाऱ्या वस्तूवर दोन्हीकडच्या मुलांच्या कामाची छाप असावी. आजारी मुलाला दिवसाचे अनेक तास कंटाळा नावाचा दुसरा आजार असतोच. त्याला काम देणे हे त्याला पैसे देण्याइतकेच मोलाचे ठरू शकते.

आता डबा फिरवणाऱ्या मुलांकडे वळू. त्यांच्या हातातल्या डब्यात निम्मे पैसे करुणेचे असतात आणि निम्मे भिडेचे. शेजारच्या मुलाने गोड आवाजात पत्र पुढे केले, की घेणाऱ्याला नाही म्हणवत नाही, आणि ही गोष्ट मुलांना फार लवकर कळते. वर्गावर्गांत चुरस लावली, सर्वाधिक रक्कम आणणाऱ्याला बक्षीस ठेवले, फळ्यावर नावांपुढे आकडे लिहिले, की प्रकल्पाची वसुली मोहीम होते. श्रीमंत नातेवाइकांचे मूल पहिले येते आणि ज्याच्या घरी द्यायला काही नाही ते मूल मान खाली घालून बसते. म्हणजे एका मुलाच्या वेदनेसाठी दुसऱ्या मुलाची अप्रतिष्ठा होते, आणि तीही शाळेच्या देखरेखीखाली. शिवाय बक्षिसांनी रक्कम वाढतेच असेही नाही. इस्रायलमध्ये उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकीनी या अर्थशास्त्रज्ञांनी घरोघरी देणग्या गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांवरच एक प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला केवळ कामाचे महत्त्व सांगितले होते, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या एक टक्का आणि तिसऱ्याला दहा टक्के मोबदला कबूल केला होता. सर्वांत जास्त पैसे मोबदला नसलेल्या गटाने आणले आणि सर्वांत कमी एक टक्कावाल्यांनी. बक्षिसाचे आमिष दिसले, की कामाचा अर्थच मनात बदलतो. तेव्हा ज्याला वेळ देता येतो त्याने वेळ द्यावा, ज्याला रंगवता येते त्याने रंगवावे, ज्याला आकडेमोड जमते त्याने वही सांभाळावी, आणि कोणी किती आणले याची नोंद कोणाच्याही नावापुढे लागू नये.

वही हा शब्द आला, आणि माझ्या मते प्रकल्पाचा गाभा त्या वहीतच आहे. पैसे मोठ्यांनी मोजायचे आणि मुलांनी फक्त गाणी म्हणायची, ही विभागणी मोडली पाहिजे. पेटी उघडताना दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक हजर असावेत, मोजणी दोनदा व्हावी, प्रत्येक रकमेची पावती फाटावी, खर्च किती झाला तो वेगळा दाखवावा, पैसे कोणाच्याही व्यक्तिगत खात्यावर जाऊ नयेत. यात शिक्षकांवर अविश्वास नाही. लोकांचा पैसा हाताळताना चांगल्या माणसानेही स्वतःला तपासणीसाठी उघडे ठेवायचे असते, हे बाराव्या-तेराव्या वर्षी कळावे, एवढाच उद्देश आहे. त्याहून अवघड प्रश्न पहिला पैसा येण्याआधी ठरवायचे असतात. रक्कम गरजेपेक्षा जास्त जमली तर उरलेली कोणाला? कमी पडली तर? ज्या मुलासाठी जमवत होतो ते मूल दरम्यान गेले तर? हे प्रश्न अशुभ वाटतात म्हणून टाळले जातात आणि मग नंतर, नेमक्या शोकाच्या दिवशी, पैशांवरून कुजबुज सुरू होते.

आजार आणि पैसा यांचा संबंध नेमका कसा असतो, हेही ती वही लिहिताना समजू शकते. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. औषधांचे बिल हा खर्चाचा एक भाग झाला. रुग्णालयाच्या गावी राहणे, पुन्हापुन्हा प्रवास, आईने किंवा बापाने सोडलेले काम आणि घरी मागे राहिलेल्या भावंडांची व्यवस्था हा दुसरा. उपचार अर्ध्यावर सोडले जातात ते पुष्कळदा या दुसऱ्या भागामुळे. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात रुग्णालयाजवळ आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी ‘रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस’ हे पहिले निवासघर सुरू झाले आणि पुढे तशी घरे अनेक देशांत निघाली, ती हीच गरज ओळखून. एका संध्याकाळी जमवलेल्या मोठ्या रकमेपेक्षा तीन वर्षे दरमहा न चुकता जाणारी छोटी रक्कम अशा कुटुंबाला अधिक आधार देते. तसे करायला मात्र छायाचित्रापुरता उत्साह पुरत नाही. आठवीच्या वर्गाने सुरू केलेले काम दहावीला जाताना खालच्या वर्गाकडे सोपवावे लागते.

वरच्या वर्गांतल्या मुलांपुढे याहून खडतर प्रश्न ठेवायलाही हरकत नाही. पाठीच्या कण्याशी संबंधित स्नायुक्षयावरचे एक जनुकीय औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले तेव्हा त्याच्या एका मात्रेची किंमत सुमारे २१ लाख डॉलर होती. त्याच वर्षी बेल्जियममध्ये एका तान्ह्या मुलीसाठी लाखो लोकांनी प्रत्येकी दोन युरोचे मोबाइल संदेश पाठवून काही दिवसांत सुमारे १९ लाख युरो उभे केले. कौतुक करावे अशीच ही घटना आहे. पण औषधाची किंमत कशी ठरते, ती कोण ठरवतो, आणि ज्या बाळाची बातमी झाली नाही त्याचे काय, हेही त्याच तासाला विचारले गेले पाहिजे. अमेरिकेत २०१६ ते २०२० या काळातल्या वैद्यकीय लोकवर्गणीच्या ऑनलाइन मोहिमांचा अभ्यास झाला, तेव्हा आपले उद्दिष्ट गाठणाऱ्या मोहिमा १२ टक्क्यांहूनही कमी निघाल्या. वाजतगाजत यशस्वी झालेली एक मोहीम आपल्याला दिसते. न पोचलेल्या हाका दिसत नाहीत. जो विद्यार्थी पैसे जमवता जमवता हे प्रश्न विचारू लागला, तो उद्या मतदार म्हणून आरोग्याच्या तरतुदीकडे वेगळ्या नजरेने पाहील, आणि सुरुवातीच्या आक्षेपाला माझे दुसरे उत्तर तेच आहे.

पैशांशिवायही बरेच करण्याजोगे असते, आणि ते अनेकदा प्रकल्पाच्या आखणीतून निसटते. केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणारे रक्तघटक, वारंवार लागतात आणि दान केलेल्या प्लेटलेट्स साधारण पाच ते सात दिवसच टिकतात, म्हणून त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. शाळकरी मुले वयामुळे सहसा स्वतः रक्त देऊ शकत नाहीत, पण आपापल्या घरच्या मोठ्यांचे वेळापत्रक आखून वर्षभर थोडे थोडे दाते पाठवू शकतात. त्याहून साधी गोष्ट लसीकरणाची. उपचारांमुळे प्रतिकारशक्ती गेलेले मूल वर्गात परत येते तेव्हा शेजारच्या बाकावरची कांजिण्या किंवा गोवर त्याच्या जिवावर बेतू शकते. वर्गातल्या सगळ्यांच्या लशी पूर्ण असणे, आणि आजारी असताना शाळेत न येणे, ही मदत कोणत्याही डब्यात पडत नाही. कर्करोग संसर्गजन्य नसतो हे ठाऊक नसल्याने परतलेल्या मुलाजवळ कोणी बसत नाही, असेही घडते. आणि ज्या वर्गाने त्याच्यासाठी मोठी रक्कम जमवली त्याच वर्गात असे घडले, तर ती रक्कम कोणत्या तोंडाने सांगायची?

शेवटचा मुद्दा मृत्यूचा. ज्याच्यासाठी धडपड केली ते मूल वाचले नाही, तर शाळा बहुधा गप्प बसतात. सूचनाफलकावरचे पत्रक रात्रीतून निघते आणि मुलांना बातमी कुणकुणीने कळते. हे फार वाईट आहे. पैसे जमवायला जी मुले पुरेशी मोठी होती, ती खरे ऐकायलाही पुरेशी मोठी असतात. वर्गशिक्षकांनी बसवून सांगावे, रडायला वेळ द्यावा, आणि आपण जमवलेल्या पैशांनी काय झाले, किती दिवसांचे औषध आले, त्याची आई त्याच्याजवळ किती आठवडे राहू शकली, हे वही उघडून वाचून दाखवावे. आपण कमी पडलो म्हणून तो गेला, असे एखाद्या मुलाच्या मनात आलेले असते आणि ते कोणाला सांगत नाही. वहीतल्या कोरड्या नोंदींनी त्याला जेवढे सावरता येते, तेवढे गुळमुळीत सांत्वनाने येत नाही.

काही वेळा उलटही होते. बॉस्टनच्या त्या ‘जिमी’ला लोकांनी पैसे पाठवले तेव्हा तसा कर्करोग झालेली मुले बहुतेक दगावत असत, आणि पुढच्या काळात निधी चालवणाऱ्यांसह बहुतेकांनी तो फार पूर्वीच गेला असणार असे धरून चालले होते. तो कोण, कुठला, हे कोणाला माहीत नसल्यामुळे त्याच्यामागे कोणी लागलेही नाही. १९९८ मध्ये, निधीला पन्नास वर्षे होत असताना, साठी ओलांडलेला एक ट्रकचालक पुढे आला. त्याचे लग्न झाले होते, मुली मोठ्या झाल्या होत्या, आणि मधली पन्नास वर्षे त्याने आपल्या खऱ्या नावाने काढली होती.